पाऱ्याचं चाक आणि पोटमाळ्यावरचा म्हातारा

पलसाण्याच्या चौकडीवर दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात. एक मुंबईहून येतो आणि अहमदाबादकडे जातो. दुसरा सुरतेकडून निघतो आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला पोचतो. पलसाणा, कडोदरा, उधना, लिंबायत इकडे राहणाऱ्या कितीतरी मराठी मुलांना हा दुसरा रस्ता तोंडपाठ असतो. कारण दिवाळीत आणि मे महिन्यात गावाला जायचं ते याच बाजूला! कुणाचं गाव अमळनेर, कुणाचं शिरपूर, कुणाचं नंदुरबार, तर कुणाचं चाळीसगाव.

आज आपल्याला चाळीसगावच्या बाजूला जायचंय. गावापासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलात, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. पाटण या जागी एक जुना शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेख आहे साधारण १२०७ सालचा, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. बहुतेक मजकूर संस्कृतात, पण शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. चांगदेव नावाच्या ज्योतिषानं इथे एक मठ काढला आणि त्या मठात आजोबांचे ग्रंथ शिकवायची सोय केली, असं त्यात लिहिलंय. त्या मठाला कोणी काय द्यायचं, त्याचीही नोंद आहे.

ज्याच्या पुस्तकांसाठी नातवानं शाळा काढली, तो आजोबा कोण असेल? भास्कराचार्य! 'लीलावती'मधली गणितं सांगणारे तेच. जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात यंत्रांवर एक वेगळा अध्याय आहे. वेळ मोजायची यंत्रं, सूर्याची उंची मोजायची यंत्रं, अशी बरीच. आणि त्याच अध्यायात एक असं चाक आहे, ज्यानं पुढची सातशे वर्षं जगभरच्या हुशार माणसांची झोप उडवली.

हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं. त्याला पोकळ नळ्या बसवायच्या. सगळ्या नळ्यांचं भोक सारखं आणि दोन नळ्यांमधलं अंतरही सारखं. पण नळ्या सरळ मध्याकडे रोखलेल्या नकोत, सगळ्या एकाच बाजूला जराशा तिरक्या. प्रत्येक नळीत अर्ध्यापर्यंत पारा भरायचा आणि तोंडं बंद करायची. मग चाक दोन खांबांवर आस टेकवून ठेवायचं. झालं! आता म्हणे हे चाक स्वतःच फिरत राहणार. ना बैल, ना पाणी, ना वारा, ना माणूस. अशा यंत्राला ते 'स्वयंवह' म्हणत.

ही कल्पना एकट्या भास्कराचार्यांची नाही बरं का. त्यांच्याही पाचशे वर्षं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी पाऱ्याच्या अशाच चाकाबद्दल लिहिलं होतं. भास्कराचार्यांनी आणखी एक प्रकार सांगितला. चाकाच्या कडेला खोबण करायची, ती ताडाच्या पानांनी झाकून मेणानं बंद करायची आणि आत अर्धं पाणी, अर्धा पारा.

ज्योतिषांना असं चाक कशासाठी हवं असेल? मला वाटतं, ते रोज रात्री आकाश बघत होते. तारे उगवतात, मावळतात, पुन्हा उगवतात. त्यांना कुणी ढकलत नाही. मग आकाशासारखंच फिरणारं एक लहानसं यंत्र अंगणात का असू नये? प्रश्न एकदम रास्त आहे आणि फार सुंदर आहे.

पारा का घेतला, हे कळायला तो किती जड आहे ते बघा. एक लिटर पाणी भरतं एक किलो. एक लिटर पारा भरतो साडेतेरा किलो! आणि एवढा जड असून तो पाण्यासारखा वाहतो. चाक जरा फिरलं की एका बाजूच्या नळ्यांतला पारा बाहेरच्या टोकाला धावणार आणि दुसऱ्या बाजूच्या नळ्यांतला आसाजवळ सरकणार. सी-सॉवर टोकाला बसलेलं मूल आत बसलेल्याला वर उचलतं ना? तसंच लांबचा पारा जवळच्या पाऱ्याला उचलेल, चाक फिरेल, पुढची नळी त्या जागी येईल आणि पुन्हा तेच. किती पटण्यासारखं आहे!

मग करूनच बघू. पण पारा नको. पारा विषारी असतो, त्याची वाफही वाईट. आपण रंगीत पाणी घेऊ. जुन्या सायकलचं पुढचं चाक काढा. औषधाच्या किंवा सरबताच्या लहान प्लॅस्टिक बाटल्या घ्या, एकसारख्या आठ. प्रत्येकीत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि चाकाच्या तारांवर चिकटपट्टीनं पक्क्या बसवा. सगळ्या एकाच बाजूला तिरक्या. चाकाचा आस दोन खुर्च्यांच्या मध्ये टेकवा आणि एका बाटलीवर खडूनं खूण करा.

आता हलकेच ढकला. चाक फिरू लागेल. पाणी डुबुक डुबुक करत इकडून तिकडे पळेल. दोन-चार फेऱ्या झाल्या की वेग कमी होईल. मग एक बाटली अगदी वरपर्यंत चढता चढता अडेल आणि चाक मागे येईल. पुन्हा थोडं पुढे, थोडं मागे. आणि थांबेल. खडूच्या खुणेची बाटली कुठून सुरू केली यानं काही फरक पडत नाही. जोरात ढकललं तर जास्त फेऱ्या, हळू ढकललं तर कमी, पण थांबणार हे नक्की.

थांबलेल्या चाकाकडे नीट बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या बाजूनं चाक खाली उतरतं, तिथलं पाणी आसापासून लांब आहे, हे खरंच. पण त्या बाजूला पाणी लांब असलेल्या बाटल्या किती? मोजा. आणि चढत्या बाजूला, आसाजवळ पाणी असलेल्या बाटल्या किती? त्या जास्त निघतील. लांब बसलेले थोडे आणि जवळ बसलेले जास्त, म्हणून दोन्ही बाजू बरोबरीत येतात. सी-सॉच्या एका टोकाला एक मूल, पण दुसऱ्या बाजूला दोन!

दुसऱ्या तऱ्हेनंही हे कळतं. एका पूर्ण फेरीत प्रत्येक बाटलीतलं पाणी वरून खाली येतं आणि खालून पुन्हा तितकंच वर चढतं. उतरताना जेवढं मिळालं तेवढं सगळं चढताना द्यावं लागतं. शिल्लक शून्य. वर आस घासतो, हवा अडवते आणि पाणी आपटतं, त्यांचं देणं वेगळंच. ते कुठून फेडणार?

पाणी आपटण्याचं देणं केवढं असतं तेही पाहता येतं. सगळ्या बाटल्या काठोकाठ भरा, म्हणजे पाणी हलायला जागाच राहणार नाही. मग तेवढ्याच जोरानं ढकला. हे चाक जास्त वेळ फिरेल. म्हणजे जी युक्ती चाक फिरवण्यासाठी केली होती, तीच त्याला लवकर थांबवत होती.

भास्कराचार्यांनी चाक बनवून पाहिलं की नुसतं लिहिलं, ते ग्रंथावरून कळत नाही. मला त्यांच्या त्या अध्यायातलं वेगळंच एक यंत्र जास्त आवडतं. त्याचं नाव धीयंत्र, म्हणजे बुद्धीचं यंत्र. सामान काय, तर एक काठी. काठीच्या टोकातून बांबूचा शेंडा बघायचा, बुंधा बघायचा आणि गणित करून बांबू किती उंच आणि किती लांब आहे ते सांगायचं. सगळ्या यंत्रांत हेच श्रेष्ठ, असं त्यांनी मानलं. आपणही पुढे तेच यंत्र वापरणार आहोत.

स्वतःच फिरणाऱ्या चाकाची कल्पना पुढे अरब देशांत आणि युरोपातही दिसते. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूर यानं वहीत लाकडी हातोडे लोंबकळणारं चाक काढलं. लिओनार्दो दा विंचीनं अशा चाकांची चित्रं काढली आणि यातून काही निघत नाही, असं मतही दिलं. १७१७ साली जर्मनीत योहान बेसलर नावाच्या माणसानं कॅसलच्या राजवाड्यात एक मोठं चाक फिरवून दाखवलं. खोलीला कुलूप आणि मोहोर लावली. दोन आठवड्यांनी उघडलं तरी चाक फिरतच होतं! पण चाकाच्या आत काय आहे, हे त्यानं कधी नीट बघू दिलं नाही. पुढे एका प्राध्यापकानं तपासणी केल्यावर बेसलरनं रागानं चाकच मोडून टाकलं.

आता ज्याची गोष्ट सांगायला मी मघापासून आतुर आहे, तो माणूस. चार्ल्स रेडहेफर. वर्ष १८१२, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. यानं एक यंत्र मांडलं आणि बघायला तिकीट लावलं. यंत्र आपोआप फिरतं आणि शेजारचं दुसरं यंत्रही फिरवतं, असा त्याचा दावा. लोक रांगा लावून बघायला आले. मग त्यानं सरकारकडे पैसे मागितले, आणखी मोठं यंत्र बांधायला. जानेवारी १८१३ मध्ये तपासनीस आले. रेडहेफरनं त्यांना खोलीत घेतलंच नाही. खिडकीतून बघा म्हणाला, जवळ गेलात तर यंत्र बिघडेल.

तपासनीसांमध्ये नेथन सेलर्स नावाचे एक जण होते. त्यांनी आपला मुलगा कोलमन याला सोबत आणलं होतं. बाकी सगळे लोक फिरणाऱ्या चाकाकडे बघत होते. कोलमन मात्र दात्यांकडे बघत होता. आपल्याकडे यंत्रमागावर किंवा रसाच्या चरकावर दातेरी चाकं तुम्ही पाहिली असतील. एक चाक दुसऱ्याला फिरवतं, तेव्हा दाते एकाच बाजूनं घासतात. ज्या बाजूनं रेटा येतो ती बाजू झिजते आणि चकचकीत होते. रेडहेफर म्हणत होता की माझं यंत्र शेजारच्या यंत्राला फिरवतंय. पण दाते झिजले होते उलट्या बाजूनं! म्हणजे शेजारचं यंत्रच याच्या 'आपोआप' यंत्राला फिरवत होतं. बाकी कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट कोलमननं खिडकीतून पकडली.

रेडहेफरनं गाशा गुंडाळला आणि न्यूयॉर्कला दुकान मांडलं. तिथे यंत्र बघायला रॉबर्ट फुल्टन गेले. हे वाफेच्या बोटी चालवणारे नामांकित इंजिनिअर. त्यांनी डोळ्यांपेक्षा कान जास्त वापरले. यंत्राचा आवाज एकसारखा येत नव्हता. जरा जोरात, जरा हळू, पुन्हा जोरात. हातानं हँडल फिरवलं की असाच आवाज येतो. फुल्टननी यंत्राजवळच्या, भिंतीला टेकलेल्या दोन-चार फळ्या उखडल्या. फळीतून आतड्याची बारीक दोरी निघाली. दोरी भिंतीतून वर गेली होती. लोक तिच्या मागोमाग जिना चढले, तर पोटमाळ्यावर एक दाढीवाला म्हातारा बसलेला! एका हातानं हँडल फिरवतोय आणि दुसऱ्या हातानं पाव खातोय. खाली काय चाललंय, हे त्याला बहुधा कळलंही नव्हतं.

तो म्हातारा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण यंत्र खरंच फिरत होतं! बघणाऱ्यांचे डोळे फसले नव्हते. फक्त जोर दुसरीकडून येत होता. म्हणून कुठलंही 'आपोआप' यंत्र दिसलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: म्हातारा कुठे आहे?

याच काळात काही माणसं वेगळ्या वाटेनं विचार करत होती. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं १७७५ सालीच ठरवलं होतं की आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे अर्ज यापुढे तपासायचे नाहीत. इतके अर्ज आले, एकही चाललं नाही. पण का चालत नाही? याचं उत्तर पुढच्या शतकात मिळालं. मँचेस्टरजवळच्या जेम्स जूलनं एका भांड्यात पाणी घेतलं, त्यात पाती बसवली आणि ती दोरीनं एका वजनाला बांधली. वजन खाली उतरलं की पाती पाण्यात फिरायची आणि पाणी किंचित गरम व्हायचं. किती किंचित? एक लिटर पाणी फक्त १ अंशानं तापवायचं, तर एक किलोचं वजन सुमारे ४२७ मीटर खाली यावं लागतं. उकाईच्या धरणाची उंची सुमारे ८० मीटर आहे. म्हणजे पाचाहून जास्त उकाई एकावर एक ठेवा! जूल अंशाचा बारीकसा हिस्सा मोजत बसायचा आणि पुन्हा पुन्हा तोच हिशेब जमायचा.

आपल्या सायकलच्या चाकाची ताकद कुठे गेली, ते आता कळलं ना? बाटल्यांतलं पाणी, आस, हवा, सगळं कणभर गरम झालं. ताकद नाहीशी झाली नाही, तिनं रूप बदललं. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तुमच्या पुस्तकात आहे. तो कुणी खुर्चीत बसून सुचवलेला नाही. न चाललेल्या शेकडो चाकांची त्याला मदत झालेली आहे.

आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही हा विचार आहे. कलम ३ सांगतं की सर्वमान्य निसर्गनियमांच्या उघड उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला शोध म्हणायचं नाही. पलसाण्यातल्या कुणी नवं यंत्र शोधलं तर त्याचा अर्ज जातो मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, कारण गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही त्याच्याच हद्दीत येतात. तिथे 'काहीही न घालता वीज काढणारं यंत्र' असा अर्ज केला, तर तो या कलमावर अडतो.

तरीही मोबाईलवर रोज एखादा व्हिडिओ फिरत असतो. एक मोटर, पट्टा, जड चाक आणि पलीकडे जनरेटर. मोटर जनरेटरला फिरवते, जनरेटर वीज करतो, तीच वीज मोटरला. वर दिवा पेटतोय तो वेगळाच! चला, वही काढा. मोटर चांगली आहे असं धरू. १०० भाग वीज दिली तर ९० भाग काम करते. जनरेटरही चांगला, ९० टक्क्यांचा. म्हणजे १०० मधले परत आले ८१. ते ८१ पुन्हा घाला, परत येतील ६६. मग ५३, मग ४३, मग ३५. दहा फेऱ्यांनंतर हातात राहतात जेमतेम १२. आणि हे सगळं एकही दिवा न लावता! जड चाक थोडा वेळ ओढून नेतं, म्हणून व्हिडिओ संपेपर्यंत यंत्र फिरताना दिसतं.

अशा व्हिडिओत म्हातारा शोधायचा असेल तर फळीखाली बघा, टेबलाच्या पायाशी बघा. आणि दिव्याकडेही बघा. हल्ली पोटात बॅटरी असलेले इन्व्हर्टर बल्ब मिळतात. ते नुसते हातात धरले तरी पेटतात. (घरातल्या विजेवर असले प्रयोग मात्र तुम्ही करायचे नाहीत, हे सांगायला नकोच.)

आता जरा अवघड भाग, पण तो पलसाण्यात राहणाऱ्यांना सगळ्यात लवकर कळेल. इथल्या प्रोसेस हाऊसच्या चिमण्या तुम्ही रोज बघता. डाइंग खात्यात पॉलिएस्टरचं कापड जेट मशीनमध्ये साधारण १३० अंशांवर रंगतं. मशीन बंद असतं, आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांना उकळून जात नाही. रंग चढला की ते पाणी थंड करून सोडतात, तरी ते चांगलंच गरम असतं. दिवसभरात अशा किती टाक्या रिकाम्या होतात! मग कुणीही विचारेल, एवढी उष्णता वाया का घालवायची? तीच पकडून मिल चालवा की. नवीन ऊर्जा तर आपण मागतच नाही, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा पहिला नियम मोडत नाही.

इथे दुसरा नियम आडवा येतो. फ्रान्समधल्या सादी कार्नो या तरुणानं १८२४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, एक लहानसं पुस्तक लिहिलं. वाफेच्या इंजिनाला नुसती उष्णता पुरत नाही, एक गरम जागा लागते आणि एक थंड जागाही लागते, हे त्यानं ओळखलं. दोन्हींत फरक जेवढा मोठा, तेवढं जास्त काम. फरक लहान, तर काम थोडं. समजा सांडपाणी ७० अंशांचं आहे आणि बाहेरची हवा ३० ची. आतापर्यंत कुणी बनवलं नाही असं सर्वोत्तम इंजिन आणलं, तरी त्या उष्णतेच्या १०० भागांतून जास्तीत जास्त १२ भागांच्या आसपास काम निघेल. बाकीचे ८८ हवेत. उष्णता भरपूर असते, पण पसरून कोमट झाली की तिच्यातला कामाचा जोर ओसरतो. आणि कोमट पाणी आपलं आपण पुन्हा अर्धं उकळतं, अर्धं गार झालं, असं कधी होत नाही.

म्हणूनच शहाण्या मिला त्या पाण्यातून वीज काढायला जात नाहीत. ते गरम सांडपाणी एका नळीतून आणि ताजं गार पाणी शेजारच्या नळीतून नेतात. मधल्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. बॉयलरला आधीच थोडं तापलेलं पाणी मिळतं आणि कोळसा वाचतो. याहून भारी गोष्ट पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. कारखान्यातली वाया जाणारी वाफ किंवा गरम पाणी त्या यंत्राला द्यायचं आणि बदल्यात घ्यायचं गार पाणी! गरम घालून गार काढायचं, ऐकलं की वाटतं नियम मोडलाच. पण तसं नाही. आत एक क्षार पाण्याची वाफ शोषून घेतो. त्यामुळे हवा काढलेल्या भांड्यातलं पाणी थोड्याशा उष्णतेतही उडून जातं आणि जाताना आजूबाजूला गारवा करतं. मग बाहेरची उष्णता त्या क्षाराला पुन्हा कोरडं करते. सगळी उष्णता शेवटी बाहेरच्या कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. हिशेब तंतोतंत जुळतो.

घरच्या फ्रिजचंही तेच. उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करायची युक्ती कुणी सुचवली, तर त्याला फ्रिजच्या मागच्या जाळीजवळ हात न्यायला सांगा. आतली उष्णता तिथून बाहेर पडते, वर मोटरची उष्णता वेगळी. दार उघडं ठेवलं तर खोली उलट तापेल.

बरं, मग जगात वर्षानुवर्षं, चावी न देता चालणारं काहीच नाही का? आहे ना! न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावी, ओटागो विद्यापीठात, आर्थर बेव्हर्लीनं १८६४ साली बनवलेलं घड्याळ आहे. त्याला तेव्हापासून चावी दिलेली नाही. मधेमधे साफसफाईसाठी वगैरे थांबलं असेल तेवढंच. त्याचा म्हातारा पेटीतल्या हवेत लपलाय. दिवसा हवा तापून फुगते, रात्री आकसते आणि त्या फुगण्या-आकसण्यानं घड्याळाचं वजन वर उचललं जातं.

तापीचं पाहा. मध्य प्रदेशात मुलताईजवळ निघते, खान्देशातून येते, उकाईला ३०० मेगावॅटची जनित्रं फिरवते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. हजारो वर्षं वाहतेय आणि संपत नाही. समुद्रातलं पाणी पुन्हा सातपुड्यावर कोण नेऊन ठेवतं? सूर्य. त्याच्या उन्हानं पाण्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो. उकाईच्या जनित्रांचं हँडल सूर्य फिरवतो. आणि भास्कराचार्यांना रोज फिरताना दिसणारं ते आकाश? फिरते ती आपली पृथ्वी. तिला अवकाशात घासायला जवळजवळ काही नाही, म्हणून इतकी वर्षं फिरतेय. तरी भरती-ओहोटीचं पाणी तिलाही जरासं अडवतंच. शंभर वर्षांत दिवस साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो.

शेवटी एक काम देतो. खेळण्यांच्या किंवा विज्ञानाच्या सामानाच्या दुकानात पाणी पिणारा काचेचा पक्षी मिळतो. डोक्यावर कापड लावलेलं, पोटात रंगीत द्रव. समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि चोच एकदा ओली केली, की तो तासन्‌तास वाकतो, पाणी पितो, उठतो, पुन्हा वाकतो. पोटात बॅटरी नाही, चावी नाही. (काच फोडू नका, आतला द्रव अंगाला लागलेला चांगला नाही.) आधी स्वतः म्हातारा शोधा. मग पक्षी आणि ग्लास दोन्हींवर एक मोठी काचेची बरणी पालथी घाला आणि वाट बघा. पक्षी मंदावत जाईल आणि थांबेल, कारण बरणीतली हवा ओलीगच्च होते आणि डोक्यावरचं पाणी उडून जायचं बंद होतं. पाणी उडताना डोकं गार व्हायचं, म्हणून पोटातला द्रव नळीतून वर चढायचा. तेच आता होत नाही. बरणी काढली की गडी पुन्हा सुरू.

आता पक्ष्याला खिडकीत ठेवा आणि एका तासात तो किती वेळा चोच बुडवतो ते मोजा. एकदा जुलैत, पलसाण्यात पावसाची झड लागलेली असताना. एकदा डिसेंबरात, कोरड्या दुपारी. आणि मे महिन्यात गावाला न्याल तेव्हा चाळीसगावच्या उन्हात, सावलीला ठेवून. तिन्ही आकडे तारखेसकट आम्हाला पाठवा.